आधी कोण बोलणार

‘स्टेबल’ हा शब्द ज्याने आमच्या आयसीयूत आणला, त्याला मी एकदा आठवडाभर बाहेरच्या बाकावर नातेवाइकांमध्ये बसवणार आहे. मग कळेल.

सात नंबरचे काका रोज स्टेबल होते. रिटायर्ड बस ड्रायव्हर, हृदय बंद पडून आलेले. हृदय परत चालू झालं, पण मधल्या वेळात मेंदूचं व्हायचं ते होऊन गेलं. श्वास मशीन घेत होतं, बीपी औषधांच्या जोरावर टिकून होतं, किडन्यांनी तर कधीच हात वर केले होते. छोटे डॉक्टर दारातूनच सांगायचे, “स्टेबल आहेत,” आणि पसार. म्हणजे काल होते तिथेच आहेत. बाकावर त्याचा अर्थ व्हायचा, सुधारतायत.

भेटायच्या वेळेला एका पेशंटमागे एकच पास. काकांचा पास रोज नव्या माणसाच्या गळ्यात. भाऊ आले, शेजारी आले, ड्रायव्हर दोस्त आले, कोण कुठल्या आत्याबाई येऊन माझ्यासमोर डोळे पुसून गेल्या. बायको मात्र एकदाही आत आली नाही. मी त्यांना मावशी म्हणायचे. पास त्यांच्याच हातात असायचा आणि त्या तो वाटत सुटलेल्या. “तुम्ही जा हो, लांबून आलात. मी काय, घरचीच.”

मला वाटलं, असतात अशीही माणसं. खरं म्हणजे काहीच वाटलं नाही. हल्ली वाटत नाही. हात कामं करतात. कूस बदला, तोंड पुसा, डोळ्यांत थेंब घाला. “काका, जरा गार लागेल हं,” हे तोंड आपलं आपण म्हणतं. घरी बहीण विचारते, कसा गेला दिवस? मी म्हणते, गेला.

त्या सकाळी बीपी घसरायला लागलं. औषध वाढवलं. परत वाढवलं. मग वाढवायला काही उरलं नाही. मोठ्या डॉक्टर मॅडम बघून म्हणाल्या, “आजचा दिवस काढतील असं वाटत नाही. हातातलं आटोपून येते, मग घरच्यांशी बोलते.” आणि दारात छोटे डॉक्टर कुणाला तरी सांगत होते, “आत्तापर्यंत तरी स्टेबल.” माझ्या अंगाची लाही लाही झाली. बरं वाटलं, निदान काहीतरी वाटतंय म्हणून.

बाहेर गेले. मावशी पास एका भाच्याच्या हातात कोंबत होत्या. मी तो मधल्या मध्ये काढून घेतला.

“मावशी, आज तुम्ही.”

“नको हो सिस्टर, सुट्टी टाकून आलाय बिचारा.”

“त्याचं मी बघते. तुम्ही एकदाही आत का नाही आलात?”

चोरी पकडल्यासारख्या हसल्या. मला बाजूला ओढून हळूच म्हणाल्या, “आमचा अबोला आहे.”

“काय?”

“अबोला. माझं शिलाई मशीन मला न विचारता भंगारात दिलं त्यांनी. मग मीही तोंडाला कुलूप लावलं. आमच्यात आधी तेच बोलतात, नेहमी. आत जाऊन उभी राहिले तर मलाच बोलावं लागेल, ते तर झोपलेत. स्टेबल आहेत ना? उठले की बोलतील. मग आहेच मी.”

म्हणजे ही बाई इथे बसून, नवरा समजूत काढायला येईल म्हणून वाट बघत होती.

हे सांगणं माझं काम नाही, मॅडमचं आहे. पण मॅडम येणार कधी आणि ही आत जाणार कधी! मी त्यांना बाकावर बसवलं, शेजारी बसले.

“मावशी, स्टेबल म्हणजे बरे नव्हे. औषधांनी धरून ठेवलं होतं. आज औषधंही धरत नाहीयेत. ते उठणार नाहीत. आजच जातील बहुतेक.”

“पण आधी ते बोलतात,” म्हणाल्या.

“या वेळी नाही बोलता येणार त्यांना.”

रडल्या नाहीत. हात धुवा म्हटलं, तर इतका वेळ धूत राहिल्या की शेवटी मीच नळ बंद केला.

आत कठडा खाली केला, खुर्ची पलंगाला चिकटवली, काकांचा सुई नसलेला हात पांघरुणातून काढून दिला. “धरा. कुठली नळी निघत नाही, काही बिघडत नाही.” अलार्मचा आवाज बंद केला, पडदा ओढला. मॅडम आल्या, मावशींशी आणि त्यांच्या दिरांशी नीट बसून बोलल्या. हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही असं ठरलं. दीर बाहेर थांबले.

मावशी गप्प. मॉनिटरवर आकडे उतरतायत आणि ही बाई तोंड उघडेना.

“मावशी, बोला ना.”

“काय बोलू?”

“काहीही. भांडा हवं तर.”

“ऐकू येतं त्यांना?”

येतं, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो. अगदी ओठांवर आलं होतं. “माहीत नाही,” मी म्हणाले. “पण येत असलं तर?”

मग सुटल्या. “अहो, मशीन चालत होतं! नुसता पट्टा बदलायचा होता! जन्मभर बस चालवलीत, पट्टा तुटला म्हणून कधी बस दिलीत का भंगारात?” मग दाढी वाढलीय म्हणून मला बोलल्या. पाय गार पडलेत म्हणून परत त्यांना बोलल्या, मोजे घाला म्हटलं की कधी ऐकलंय का. तळवे चोळत चोळत पार लग्नानंतरच्या पहिल्या भांडणापर्यंत मागे गेल्या. आवाज चढला, बसला, परत चढला.

रेघ सपाट झाली तेव्हा त्या बोलतच होत्या. मी अडवलं नाही. बोलून होऊ दिलं, मग खांद्यावर हात ठेवला.

“गेले?”

“हो, मावशी.”

मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

“म्हणजे या वेळी मी आधी बोलले,” त्या म्हणाल्या. मग काकांच्या तोंडाकडे बघितलं. “आणि आता यांचा अबोला. यांना नाही हो जमत, सिस्टर. इतका वेळ गप्प राहायला यांना नाही जमत.”