सात जणींचा एक श्वास

“वहिनी, कडव्याआधीचा हा श्वास तेवढा कापा. सातही जणी एकदम घेतात, लगेच कळतं,” भाऊजी हेडफोन उतरवत म्हणाले.

“काय कळतं?”

“सातही आवाज एकाच बाईचे आहेत, हे!”

“मग आहेतच की.”

वहिनी रुग्णालयात एक्स-रे काढतात. दिवसभर परक्यांना ‘श्वास रोखा’ म्हणणं हे त्यांचं काम. ‘श्वास कापा’ असं त्यांना कुणी पहिल्यांदाच सांगत होतं.

भाऊजींच्या गायनमंडळात बायका सात. चार महिन्यांत तालमी ठरल्या अठरा. दोघी आल्या पाचदा. एक आली दोनदा, त्यातली एक खेप विसरलेली छत्री न्यायला. तिघींचे नुसते निरोप आले, तेही बेसूर. अठराच्या अठरा वेळा हजर फक्त वहिनी. शेवटी त्यांनी लॅपटॉपवर फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवलं, खिडकीला रजया टांगल्या आणि एका आवाजावर दुसरा, असे थरावर थर चढवत सातही जणींचं एकटीनं गायलं. जाडा आवाज खुर्चीत बसून, कोवळा भिंतीकडे तोंड करून.

आता ते गाणं मंडळाच्या नावावर नेटवर चढायचं होतं, सात जणींच्या फोटोसकट.

“फोटोत तुम्ही आहातच ना! मागच्या रांगेत.”

“कुणाच्या मागे? छत्रीवालीच्या?”

“घरातल्या घरात कसली हजेरी मांडताय! दादा, तूच सांग वहिनीला.”

दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, पेपरात होते. बावीस वर्षांच्या संसारात अशा वेळी ते नेमके पेपरातच सापडत.

“काप ना एवढासा श्वास,” ते म्हणाले. “कुणाचं काय बिघडतंय?”

वहिनींची कानशिलं तापली. “माझं बिघडतंय! एकेक ओळ चाळीस-चाळीस वेळा गायलीय मी, ड्यूटीवरून येऊन, उभ्याउभ्या. मंडळाला हवं तर मंडळानं गावं. हे माझ्या नावानं जाईल, श्वासासकट. नाहीतर जाणारच नाही.”

“लोक हसतील, वहिनी!”

“हसू देत. सुरात हसा म्हणावं.”

भाऊजी दार आपटून गेले.

“पंखा बंद करा,” वहिनी म्हणाल्या. यजमान पेपर ठेवून उठले आणि बटणाशीच घामानं निथळत उभे राहिले.

वहिनींनी आठवा थर उघडला, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि न गाता, साध्या आवाजात स्वतःचं नाव सांगितलं. आवाज रागानं थरथरला होता. तो त्यांनी पुसला आणि नाव पुन्हा सांगितलं.