थांबा, मी आलीच

"एवढ्याशा शब्दावर कोणी थांबते का, धीरजभाऊ?" सपनाने मोबाइलवरची फिल्म मधेच थांबवली. "इथं गाडी अडते, पाहा."

स्क्रीनवर धीरज हातात पोह्यांची बशी घेऊन बसला होता. तळेगावात हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या धीरजने स्वतः लिहिलेली, स्वतःच काम केलेली ही विनोदी फिल्म. मुलगी पाहायला आलेल्या माणसाला ती म्हणते, 'थांबा, मी आलीच,' आणि आत जाते. तो थांबतो. पोहे वाळतात, दाढी पांढरी होते, तरी हा आपला बशी धरून बसलेलाच. मुलीचं काम करायला गावात कोणी बाई तयार होईना, म्हणून इलेक्ट्रिशियन गुलाबने मिशी उतरवून साडी नेसली होती.

सपना वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहायची, शाळेत शिकवायची, गॅदरिंगची नाटकं बसवायची. तिला नाटकातलं कळतं म्हणून तिच्या घरी जाऊन मत घेतो, असं धीरजने गुलाबला सांगितलं होतं. खरं कारण गुलाबलाही सांगितलं नव्हतं.

खूप वर्षांपूर्वी धीरज सपनालाच पाहायला गेला होता. त्याच्या एका गमतीवर ती मोठ्यांसमोर खळखळून हसली होती, आणि निघताना अंगणात म्हणाली होती, "बीएड होऊ द्या, मंग पाहू. थांबसान ना?" धीरजची स्वारी हवेत तरंगतच घरी आली. बीएड झालं, सपनाचं लग्नही झालं, वर्ध्याच्या एका मास्तरांशी. पुढे दुसऱ्या मुलीचा विषय निघाला, की नेमका धीरजच्या दुकानात माल उतरायचा. मग विषय निघणंच बंद झालं. आपण वेड्यासारखे थांबलो, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग मात्र काही नव्हता.

"अव माय! तुमी तं मले पाहाले आलते ना?" सपनाला एकदम आठवलं आणि ती हसली.

"हो, आलतो."

"बीएड चालू होतं तवा माह्यं. काय बोलली, काय नाई, देव जाणे!"

एवढं बोलून ती पुन्हा फिल्मकडे वळली. फिल्म पाहून ती ओळखेल, या आशेवरच धीरज आला होता. 'हे तर मीच म्हटलं होतं,' इतकं जरी ती म्हणाली असती, तरी त्याला पुरलं असतं.

"कल्पना चांगली हाय," सपना मनापासून सांगू लागली. "गुलाबभाऊ तं मस्तच. सुरुवातीचा रस्त्याचा सीन काढून टाका, सरळ पोह्यांपासून सुरू करा. आन् तुमी तोंड पाडून नका बसू. रडका माणूस पाहून कोण हसन?"

"बरं."

"मेन म्हणजे, तो थांबते काऊन? एवढा मूर्ख कोणी नसते. लोकायले कारण पायजे."

धीरजने खरोखरच विचार केला. "कारण नाई सापडून राह्यलं, मॅडम."

"मंग असं करा. बाहेरून दाराले कुलूप लागते. बिचारा अडकला! मंग पाहा, कसे हसतीन लोकं."

"बरोबर हाय," धीरज म्हणाला. तिचं काहीच चुकत नव्हतं. त्याला तेच जास्त लागलं.

रविवारी त्याने दुकानातलं नवं कुलूप काढलं. आईकडून ताजे पोहे करून घेतले, खोलीत मोबाइल स्टँडवर लावला आणि बशी घेऊन बसला. साडीतला गुलाब लाजत म्हणाला, "थांबा, मी आलीच," आणि बाहेर जाऊन त्याने कडी घातली. कुलूप दाबल्याबरोबर लागलं.

आता तोंड पाडायचं नव्हतं. धीरज मोबाइलकडे पाहून हसला. हसतच राहिला.

"झालं का, धीरजभाऊ?" बाहेरून गुलाबने विचारलं. "उघडू का? किल्ली कुठं हाय?"

धीरजने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. दोन्ही किल्ल्या तिथेच होत्या.

"भाऊ, किल्ली कोनापाशी हाय?"

खिडकी उघडी होती. गजातून हात बाहेर काढून किल्ली देता आली असती. धीरजने बशी मांडीवर नीट ठेवली.

"थांब जरा," तो म्हणाला.