सपाट रस्त्याच्या टोकाला

वलगावात पाण्याचं काही विचारायचं असलं की माणसं वामनरावांकडे यायची. पेढी नदीच्या काठाला त्यांचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सारं नदीच्या भरवशावर. वरच्या अंगाला आभाळ कसं भरलंय, वारा कुठून सुटलाय, एवढं बघून हा माणूस सांगायचा, आज पाणी बांधाला लागते की नाही. एका साली त्यांनी सारी आळी संध्याकाळीच देवळात नेऊन बसवली. लोक हसले, आणि पहाटे त्याच लोकांच्या घरांत छातीएवढं पाणी. तेव्हापासून गावानं त्यांना जे हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, ते काही खाली उतरले नाहीत. उतरतील कशाला? वरून दिसतं छान.

त्यांची बायको मनकर्णाबाई तर त्यांना विचारल्याशिवाय अंगणात पापडसुद्धा घालत नसे.

दिवाळीआधी तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, अमरावतीला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण सपाट जागेवर. आता मळ्यात सपाट जागा कुठून आणायची? सऱ्या, बांध, पाट. बाई घरात बसून राहिली. उभी जिंदगी वाकून भाजी खुडलेली बाई, ती बसली की बाजारातून परत आलेल्या मेथीच्या जुडीसारखी होते. बोलेना, जेवेना. वामनरावांना ते बघवत नव्हतं, पण बोलून दाखवतील तर शपथ.

लेक वर्षाली अकोल्याला दिलेली, जठारपेठेत. तिनं मोबाइलवर कोकणातल्या एका गावचा रस्ता दाखवला. समुद्राच्या कडेनं, सुरूच्या झाडांतून गेलेला, लाकडी फळ्यांचा, ना चढ ना उतार.

"बाबा, चिखलदऱ्याले नेऊन काय करता? तिथं पॉइंट पाहाले बी खाली उतरा लागते. इथं आई आरामात चालीन."

जावई शेखर गाडी चालवायला तयारच होता. निघाले चौघं.

उतरले ते खोल्याही देणाऱ्या एका घरगुती खानावळीत. तिथली मालकीण पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "फळ्यांच्या रस्त्यानं कितीही हिंडा हो. पण खाली वाळूत उतरायचं तर आधी आम्हाला विचारा. भरतीचं पाणी मागून येतं, कळत नाही."

वामनराव हसले. "बाई, आमचा जन्म पाण्याकाठी गेला. पाणी आमाले शिकवू नका."

वर्षालीला बापाचं ते बोलणं टोचलं. पण बापाला चारचौघांत टोकायचं म्हणजे घरात रणकंदन, हे तिला माहीत. 

आणि खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस सोन्यासारखे गेले. मनकर्णाबाई काठी टेकत चालायची, दमली की बाकावर बसायची, पुन्हा उठायची. पायाखाली फळ्या टकटक वाजायच्या त्याचंच तिला हसू यायचं. "अवो, हे तं पलंगावर चालल्यासारखं वाटून राहिलं," म्हणाली. वामनराव मागून चालत होते. बायको एवढी हसते हे ते विसरूनच गेले होते, मेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघंच निघाले. रस्ता संपतो तिथे दोन पायऱ्या उतरून ओली, टणक वाळू लागत होती. समुद्र पार दूर गेलेला. मधे एक काळा खडक, पाटासारखा चपटा.

"तिथं बसू काय?" मनकर्णाबाईनं विचारलं. "पाण्यात पाय सोडाचे होते मले."

वामनरावांनी सवयीनं वर पाहिलं. आभाळ कोरं, कपाशीच्या बोंडाएवढाही ढग नाही. वारा पडलेला. पूर येतो तो आभाळातून येतो, वरच्या अंगानं येतो. आयुष्यभर हेच पाहिलेलं. आभाळच कोरं, तर पाणी येईल कुठून?

"चाल, कायची भीती?" ते म्हणाले.

जाताना एक उथळ घळ लागली, पावलं बुडतील एवढंच पाणी. त्यांनी तिला हात धरून पलीकडे नेलं, खडकावर बसवलं. तिनं लुगडं सावरून खडकालगतच्या डबक्यात पाय सोडले आणि डोळे मिटून घेतले. चेहरा असा झाला की वामनरावांना वाटलं, हे वर्षालीनं पाहिलंच पाहिजे. फोटो काढला पाहिजे.

"बस इथंच. उठू नको. मी पोरीले घेऊन येतो."

"या," ती म्हणाली.

एवढंच. जायला यायला वेळ तो कितीसा! पण खानावळीच्या परसात मालकीणबाई वांग्याच्या रोपांना पाणी घालत होती, आणि रोपं पिवळी पडलेली. मग काय, वामनराव थांबले. भाजीवाल्याला पिवळं रोप दिसलं आणि तो गप्प निघून गेला असं कधी झालंय? "पाणी जास्त होऊन राहिलं तुमचं. बुडाशी माती उकरा," ते सांगू लागले. सांगता सांगता स्वतःच खुरपं घेऊन बसले. वर्षालीनं चहा आणून दिला. तो घेतला. शेखर मातीबद्दल विचारत राहिला, जावयाला उत्तर द्यायलाच हवं. बोलणं रंगलं.

"आजी कुठे आहेत?" मालकिणीनं सहज विचारलं.

"त्या काळ्या दगडावर. पाय सोडून बसली मजेत."

बाईच्या हातातली बादली खाली पडली. "अहो, भरती केव्हाची लागली! घळ भरली असेल!"

वर्षाली अनवाणी पळत सुटली. शेखर तिच्या मागं, आणि वामनराव सगळ्यांत शेवटी. त्या रस्त्यावर ना चढ होता ना उतार, पण त्यांना तो काही संपेना.

टोकाशी पोचले तेव्हा पायऱ्याच पाण्यात होत्या. वाळू नाही, खडक नाही. समुद्र आपला शांतपणे हलत होता, आणि वर तेच कोरं आभाळ. वामनरावांनी तसंच पाण्यात पाऊल टाकलं. शेखरनं त्यांना कमरेला धरून मागं ओढलं, ते त्याला मारत होते, ओरडत होते, "सोड, सोड मले! मनकर्णे! वं मनकर्णे!"

कोळ्यांची होडी लगेच गेली. पण आणली ती मनकर्णाबाई नव्हे, तिचं शरीर आणलं. फळ्यांवर ठेवलं. लुगड्यातून पाणी फळ्यांच्या फटींतून खाली गळत राहिलं. वर्षाली आईच्या छातीवर पडून ऊर फोडून रडत होती.

वामनराव पायांशी बसले. गुडघ्यांवरचे टाक्यांचे वण अजून ताजे दिसत होते. त्यांनी ते हातानं झाकले. म्हणाले, "हे गुडघे नसते दुखत तं उठली असती ती. पाणी पाहून आली असती. उठताच नसन आलं बिचारीले."

 बुडत्याला काडी हवी असते, ती कोण हिसकावणार? पण रस्त्याच्या कडेला सकाळपासून जाळं सुकवत असलेली एक म्हातारी कोळीण, होडीवाल्यांना बोलवायला धावली होती तीच, जवळ आली. तिचे डोळे लाल झाले होते. तिला बाकीचं काय माहीत!

"उठल्या होत्या की," ती म्हणाली. "घळीला घोट्याएवढं पाणी होतं तेव्हाच मी इथून हाका मारल्या. आजी, या, पाणी भरतंय! तर उठल्या, काठी घेतली, चांगल्या निम्म्या वाटेपर्यंत आल्या."

"मंग?" वामनरावांनी विचारलं.

"मग आभाळाकडे बघितलं त्यांनी. मला म्हणाल्या, माय, आमच्या मालकाले पाणी समजते. ते बस म्हणून गेले हायेत. आणि परत जाऊन बसल्या."