झोपलेली कार्नेशन

सुनेने फुलांच्या दुकानातल्या कोल्डरूमचं दार उघडलं. बादल्यांतली सगळी कार्नेशन झोपली होती. पाकळ्या आत वळून फूल मिटायला लागलं की दुकानात त्याला ‘झोपलं’ म्हणत. झोपलेलं फूल पुन्हा उठत नाही.

मागच्या रॅकवर पिकलेल्या केळ्यांची पेटी होती.

“बाहेर काळी पडली असती गं,” बाबा, तिचे सासरे, म्हणाले. “म्हणून गारव्यात ठेवली.”

पिकत्या फळातून निघणारा वायू फुलांना म्हातारं करतो, हे सगळ्या दुकानाला शिकवलं होतं बाबांनीच. कुणाच्या डब्यात सफरचंदाची फोड दिसली तरी ते त्याला बाहेर पिटाळायचे. आलेला माल आधी चांदीच्या औषधात उभा करायचा, म्हणजे त्या वायूचं काही चालत नाही, हेही त्यांचंच. हल्ली मात्र ते विसरायचे आणि बादल्यांत नुसतंच पाणी भरायचे. सुनेच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं. संध्याकाळी सगळे गेले की ती गुपचूप ते पाणी ओतून देऊन औषध भरायची. काल मुलगी तापाने फणफणली होती, म्हणून ती दुकानात फिरकलीच नाही.

लग्नाच्या हॉलच्या सजावटीचा माल होता तो. नवरा आला, एक फूल हातात घेऊन बघितलं, मग बापाकडे बघितलं.

“हे विसरायला लागलेत, तुला माहीत होतं?” त्याने बायकोला विचारलं.

“होतं.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही?”

“तुम्ही दुकानाची किल्ली काढून घेतली असतीत त्यांच्याकडून.”

“मग काय करायला हवं होतं? हार घालायचे?”

त्याने हात पुढे केला. बाबांनी कमरेची किल्ली सोडून दिली. दुकानातल्या पोरांपैकी कुणीतरी चुकून हसलं.

घरी बाबा दिवसभर खिडकीशी बसून राहू लागले. जेवायला बसा म्हटलं की बसायचे, उठा म्हटलं की उठायचे. सुनेला ते बघवेना. एका संध्याकाळी तिने मोडक्या दांड्यांची कार्नेशन, कात्री आणि पाण्याची बादली त्यांच्यापुढे आणून ठेवली.

“बाबा, तेवढी छाटून देता का? मला वेळच होत नाही.”

त्यांचे हात बरोबर चालले. तिरका काप, खालची पानं काढणं, एकही दांडी चिरडली नाही. मधूनच नातीला ओरडले, “कात्रीला हात लावू नकोस गं!” तो आवाज ऐकून सुनेला बरं वाटलं. ती रोज फुलं आणू लागली. आदल्या दिवशी छाटलेली ती गुपचूप टाकून द्यायची; एकदा मात्र ते राहून गेलं.

सकाळी बाबा बादलीपाशी उकिडवे बसले होते.

“झोपली ही,” ते म्हणाले. “औषध कुठंय?”

तिला खोटं सुचेना. “घरात नाही ठेवत, बाबा. लहान मूल आहे. आणि...”

“आणि मी आहे.”

तिने बादलीतली फुलं उचलायला घेतली.

“दुकानात जातच नव्हती होय फुलं?” त्यांनी ओले हात धोतराला पुसले. “मला खेळायला देत होतीस.”

“तसं नाही हो बाबा...”

“कात्री उचल. पोरीच्या हाताला लागेल.”

त्यानंतर त्यांनी फुलाला हात लावला नाही. ती पुढ्यात ठेवायची, ते तोंड फिरवून घ्यायचे. थंडी सरायच्या आत ते गेले. शेवटी शेवटी मुलालाही ओळखत नव्हते. सुनेला मात्र ओळखत होते आणि तिच्याशी बोलत नव्हते.