हातपाय हलतात ना?

टूथपेस्टखाली फोड होता. हरभऱ्याएवढा, पाण्यानं टच्च भरलेला, बाबांच्या डाव्या मनगटाच्या जरा वर – आणि त्याच्यावर आईनं बोटानं फासलेला पांढरा थर, वाळून भेगा पडलेला. मोनाली ओल्या फडक्यानं तो कडेकडेनं उचलत होती. बाबा खिडकीकडे पाहत होते. हात त्यांचा, फोड त्यांचा, आणि ते असे बसले होते जणू शेजारच्या घरी कुणी सायकल पुसतंय…

"कशानं भाजलं?"

"भाजलं नाई," आई म्हणाली. "हात थंडा पडते म्हणत होते, म्हणून गरम पाण्याची बाटली ठेवली शेकाले. थोडाच वेळ. ते काहीच म्हटले नाई."

काय म्हणणार? त्या हाताला गरम कळतच नाही. मेंदूच्या देठात, उजव्या बाजूला, रक्त पोचलं नव्हतं. आता उजवा चेहरा आणि डावं अंग, तिथं थंड-गरम कळणार नाही, टोचलेलं कळणार नाही. ताकद शाबूत, फक्त हे कळणं गेलेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, मोनालीनं स्वतः दोनदा सांगितलं होतं, बोट लावून, इथून इथपर्यंत. पण या घरात सांगितलेलं टिकतं कुठं? हो हो म्हणून मान हलवायची आणि मग बाटली, टूथपेस्ट… घरी आणल्यापासून दहा दिवसांत आलेल्या पाहुण्यांनीही तेच केलं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून ते बाबांच्या नाकातली नळी बघायचे, बाबांची उजवी पापणी अर्धी मिटलेली बघायचे, आणि म्हणायचे, लकवा नाही ना, मग चिंता नाही. एकानं जामसांवलीच्या देवळात नेऊन आणा म्हणून सांगितलं, एकानं मालिशवाल्याचा नंबर दिला. माणसाला पाण्याचा घोट गिळता येत नाही, आणि यांना मालिश सुचते.

घरी, पांढुर्ण्यात आलं की तिला हे असं होतं. गाडीतून उतरल्याबरोबर जीभ जड होते, ओठ आवळले जातात. आपण यांच्यातल्या, पण यांच्यासारख्या नाही – हे ती दहावीपासून जपत आली होती, नव्या कपड्यासारखं, डाग पडू न देता. नागपूरला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना तिनं मेंदूच्या देठाचा आडवा छेद रंगीत पेन्सिलींनी काढला होता आणि सरांनी तो कागद सगळ्या वर्गाला उचलून दाखवला होता. निळ्यानं वेदनेची वाट, हिरव्यानं गिळण्याचं केंद्र, पिवळ्यानं तोल. नेमका हाच भाग. हाच कोपरा, उजवीकडचा…

दारात चपला वाजल्या. अमोलदादा आला, दुकान अर्ध्यावर टाकून. स्टेशनजवळ त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तो तांब्याच्या तारेनं पुन्हा भरून द्यायचा. बी.ए. पहिल्या वर्षालाच सोडलेलं. अंगाला वार्निशचा वास, नखं काळी. त्यानं हात साबणानं धुतले, कोपरापर्यंत, आणि ती नखांकडे बघत राहिली, कारण तिथं काहीतरी राहणारच.

त्याच्या मागोमाग मोहगावचे बापूजी आले, बाबांचे थोरले चुलतभाऊ. जयभीम घालून खुर्चीवर टेकले, बाबांचा पाय दाबून पाहिला. "मनोहर, पाय हालव." बाबांनी हलवला. "झालं तं मग. लकवा नाई हा."

बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दादा, चहा प्यावा वाटते फक्त."

बापूजी हसले, आणि मग अमोलकडे वळले, तेव्हा हसत नव्हते. "नऊ वाजता सकाळी पडला मनोहर. अन् तुम्ही दवाखान्यात नेला रात्री आठले. दिवसभर काय करून राहिला होता तू?"

आईनं पदर तोंडाशी नेला.

"घरात डॉक्टर होऊन राहिली पोरगी. तिले एक फोन केला असता."

सवा नऊला आला होता फोन. वॉर्डाच्या जिन्यात उभी होते मी, हातात केसपेपर, वरून वर्गातली मुलं हाका मारत होती. दादा म्हणाला, बाबाले चक्कर येऊन राहिली, उलटी झाली दोनदा. मी विचारलं, तोंड वाकडं झालंय का? नाही. बोलता येतं? येतं. हातपाय हलतात ना? हलतात. तीन प्रश्न, पुस्तकातले, बरोबर त्याच क्रमानं. मग दादा म्हणाला – हे त्यानं मी न विचारता सांगितलं – उभं केलं की उजव्या अंगावर पडून राहिले, दोनदा उभं केलं, दोन्ही वेळा उजवीकडेच. आणि मी म्हणाले, चक्कर आल्यावर माणूस पडणारच, दादा. कानाचं असेल. झोपू द्या त्यांना.

झोपू दिलं. पाच वाजता पुन्हा फोन आला, आवाज बसलाय, उचकी थांबत नाही, पाणी नाकातून येतंय. तेव्हा तिला कळलं, जिन्यात नव्हे, खोलीत पलंगावर बसलेली असताना, एकदम त्या कागदावरचे सगळे रंग… नागपूरला पोचल्यावर डॉक्टरांनी विचारलं, शेवटचे धड केव्हा होते? अमोल म्हणाला, नऊले. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत. अर्थात, इथून नागपूर दोन तास, मग स्कॅन, मग इतर दहा कारणं, दिलंच असतं असं नाही… हे ती स्वतःला रोज सांगत होती, आणि रोज ते ऐकून मान हलवत होती, आईसारखी.

"बोल ना," बापूजी म्हणाले.

आता सांगेल. मोनालीनं श्वास धरला. सांगावं त्यानं, सगळ्यांसमोर, म्हणजे त्याला हलका समजता येईल – बहिणीवर ढकलणारा. अमोल खाली फरशीकडे बघत होता. "चुकलं, बापूजी," तो म्हणाला. "मले समजलं नाई."

"समजलं नाई," बापूजी म्हणाले, आणि उठले. जाताना मोनालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू होती म्हणून वाचला.

दादा मोठेपणा मिरवतोय. उपकार करतोय माझ्यावर आणि पुढं कधीतरी वसूल करेल… असं तिनं मनात जुळवायला घेतलं. अमोलनं बाबांच्या पाठीशी दोन उशा लावल्या, पेजेची वाटी घेतली, नळी चिमटून सिरिंज जोडली, नळी पोटातच आहे ना ते कळायला आधी थोडं मागं ओढून पाहिलं. मग सिरिंज वर धरून उभा राहिला, पेज आपोआप उतरू दिली. मोनाली चूक शोधत होती. नखंही स्वच्छ होती.

"मोना, एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "उभं केल्यावर ते पडून राहिले होते उजवीकडं, ते याचंच होतं का?"

"हो."

"म्हणजे तवाच सुरू झालतं."

"हो."

त्यानं मान हलवली, दुकानात कुणी मोटार का जळाली ते सांगितल्यावर हलवावी तशी. "मलेच बरोबर सांगता आलं नाई तुले. मी चक्कर म्हटलं. चक्कर म्हटल्यावर तू तरी काय करशीन."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं काही लपवलेलं नव्हतं. तो झाकत नव्हता, वाचवत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. दहा दिवस तो हे घेऊन दुकानात जात होता, येत होता, हात धूत होता. मूर्ख, ती मनात म्हणाली, नेहमीसारखं, आणि तो शब्द नेहमीसारखा कुठं जाऊन लागेना. चार वर्षांत तिनं केसपेपरवर शेकडो पेशंटांचं सांगणं उतरवून घेतलं होतं. त्यातलं एकही इतकं नेमकं नव्हतं. दोनदा उभं केलं, दोन्ही वेळा उजवीकडेच.

"काय म्हणून राहिला तो?" बाबांनी विचारलं.

तू बरोबर सांगितलं होतंस, दादा. एवढंच वाक्य. ते तोंडात तयार होतं, जिभेवर त्याचं वजन लागत होतं. अमोलनं सिरिंजमध्ये पाणी घातलं, नळी धुऊन निघाली, त्यानं टोपण लावलं.

"काही नाही, बाबा," मोनाली म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला या घरातल्या कुणाही माणसासारखा ऐकू आला.

अमोल वाटी घेऊन मोरीकडे गेला. पाण्याचा आवाज यायला लागला. तो बंद झाला की तो परत येईल, चपला घालेल, दुकानात जाईल… ती उठून उभी राहिली. दोन पावलं मोरीच्या दिशेनं गेली आणि तिथंच थांबली, वाक्य तसंच तोंडात घेऊन.