यंत्राची विसरण्याची रीत

भाऊच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. मंगळवारी सकाळी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई भाऊ सांभाळायचा त्या यंत्रखोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, आक्कांचा आराखडा कुठंय?"

"रविवारी लावतो. तेव्हा कुणाची गर्दी नसते."

"गुरुवारी किरण सुरू करायचेत. गाठ डाव्या बाजूला, खाली हृदय. कुठल्या कोनातून किती किरण सोडायचे, ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

 इस्पितळाकडे आकडेमोडीची संगणकयंत्रं होती, पण असल्या मोजणीला ती अपुरी पडत. हवामानवाल्यांची आणि पूल बांधणाऱ्यांची तीच गत. म्हणून तिघांनी आपली यंत्रं तारेने एकत्र जोडली होती. ज्याने कमी वापरलं त्याची पाळी आधी, हा करार. मार्चमध्ये साथ आली, तेव्हा इस्पितळाने वीस दिवस सगळी यंत्रं अडवून धरली. बाकीचे दोघे ताटकळले. ती शरम भाऊच्या मनातून गेली नव्हती. आता ऑगस्ट उजाडला, तरी तो रविवारची वाट पाहत उरलंसुरलं घेत होता. त्यात हे काम सख्ख्या बहिणीचं. पुढे घुसवलं तर लोक काय म्हणतील?

आक्का बाहेर बाकावर बसली होती. आई गेल्यावर भाऊला तिनेच वाढवलं होतं. आतलं सगळं तिला ऐकू आलं.

"लहानपणीही असाच होतास," ती म्हणाली. "झोपाळ्यावरची पाळी दुसऱ्याला द्यायचास, आणि मग माझ्यापाशी येऊन भोकाड पसरायचास. विचार की त्यांना. तोंड शिवलंय का?"

भाऊने हवामानखात्यात फोन लावला. तिथलं काम पाहणाऱ्या बाईंना सगळे वादळबाई म्हणत.

"एक विनंती होती," तो चाचरत म्हणाला. "मार्चमध्ये आम्ही तुम्हाला फार त्रास दिला, ते माहीत आहे, तरी..."

"भाऊ, तुम्ही अजून मार्चमध्येच आहात?" वादळबाई हसल्या. "दर आठवड्याला मागचा वापर निम्मा धरायचा, असं आपणच ठरवलं ना? पुढच्या आठवड्यात त्याचाही निम्मा. वीस आठवडे होऊन गेले. तुमचं काय उरलंय त्यात? नखाएवढंही नाही. करारावर सही आहे तुमची."

सही होती. वाचलं मात्र नव्हतं.

"पण तुमचं वादळाचं काम अडलं होतं."

"अडलं होतं. आम्ही शिव्याही घातल्या तुम्हाला. मग विसरलो. यंत्रालाही तेच शिकवलंय. नाहीतर ज्याला एकदा गरज पडली, तो जन्मभर मागेच राहायचा. टाका काम."

भाऊने फोन ठेवला. त्याच्या दोन चुलत्यांनी बांधाच्या एका दगडावरून एकमेकांशी तीस वर्षं अबोला धरला होता, आणि हे यंत्र आठवड्याला निम्मं विसरत होतं.

त्याने आक्काचं काम रांगेत टाकलं. पडद्यावर त्याची ओळ सरसर वर चढली आणि पहिली झाली. कामाला लागलेल्या एकेका यंत्राचे हिरवे ठिपके उमटू लागले, आधी इथले, मग दूरचे. भाऊ उठून आक्काला आत घेऊन आला.

"हे आपलं. ते वादळवाल्यांचं. तिकडचे सगळे पूलवाल्यांचे. सगळे तुझ्या कामाला लागलेत."

आक्काने सगळ्या ठिपक्यांवरून नजर फिरवली.

"माझ्या छातीत इतकं आहे मोजण्यासारखं?"

"आहे."

"त्यांना ठाऊक आहे, मी कोण ते?"

"नाही. नुसता एक आकडा जातो."

"मग कशासाठी करतायत?"

"तुझी पाळी आली म्हणून."

तिने हळूच हात पुढे केला, पण पडद्याला लावला नाही. ठिपके चाळीस मिनिटं जळत होते. दोघंही उभ्यानेच पाहत राहिली. एकालाही दुसऱ्याला बस म्हणायचं सुचलं नाही.

गुरुवारी किरण सुरू झाले.

त्यानंतर नऊ वर्षांनी, जूनमधल्या एका सोमवारी दुपारी, आक्का वारली. तिचं वय एकोणऐंशी होतं.