भिंतीला देवी आली

सेलूला लक्ष्मणरावांच्या न्हाणीसमोर रांग लागली होती, आणि आत आंघोळ कोणीच करत नव्हतं. बाया कडुनिंबाच्या डहाळ्या घेऊन उभ्या, बाप्ये टोप्या काढून. साल एकोणऐंशी. देवीचा रोग देशातून गेला असं सरकार सांगत होतं, आणि ती सापडली माझ्या शेजाऱ्याच्या न्हाणीत.

झालं होतं एवढंच. लक्ष्मणरावांनी मुलाच्या लग्नाआधी न्हाणीला हिरवा ऑइलपेंट मारला. चार महिन्यांत त्याला फोड आले, पोपडे सुटले. त्यांची बायको आनंदाबाई कुंपणापाशी शेजारणीला म्हणाली, "भिंतीले देवी आल्यावानी फोड आले वो." शेजारणीने त्यातलं 'वानी' वाटेत सांडलं. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, लक्ष्मणरावाच्या भिंतीले देवी आली.

दुसऱ्याच दिवशी निंबवाला बाबा हजर. त्याने एका फोडाला काटा टोचला, पाण्याचा थेंब निघाला. ते म्हणे तीर्थ. मग नवी सून लीना हिला भिंतीपाशी उभी केली, निखाऱ्यांचं धुपाटणं भिंतीला भिडवलं आणि घुमायला लागला.

"माता नाराज है. मैया के ठिकाने पे खुशबूवाला साबुन किसने लगाया? बहू ने लगाया."

आणि सगळ्यांदेखत हिरवा रंग फुगून नवा फोड उठला. बाबाने हुकूम सोडला, साबण उकिरड्यावर टाका आणि सुनेला माहेरी धाडा, कायमची.

मॅट्रिक झालेली पोर, लग्नाला चार महिने. तिची पेटी ओसरीवर भरून ठेवलेली पाहिली आणि माझं टाळकं सरकलं. मी सदाशिवराव. तीस वर्षं या तालुक्यात लस टोचत हिंडलो. लोक मला देवी डॉक्टर म्हणतात. देवी काढणं हा माझा धंदाच.

"महाराज," मी म्हणालो, "पोरीले जरा बाहेर पाठवा. धुपाटणं मी धरतो."

"पापी के हाथ से माता नहीं उठती."

"नाई उठली तं पोरीच्या बदली मीच जातो माहेरी."

लोक हसले. लीना अंगणात गेली. मी निखारे भिंतीजवळ धरले. थोड्या वेळात एक फोड उठला, मग दुसरा. माझ्यासारख्या नास्तिकावर माता भलतीच प्रसन्न. मग लीनाला आत बोलावलं आणि धुपाटणं बाहेर पाठवलं. दहा मिनिटं झाली. भिंत ढिम्म.

"काऊन जी बाबा, आता काऊन नाई उठत?" हे आनंदाबाईनेच विचारलं.

बाबा म्हणाला, मातेची झोपायची वेळ झाली.

मी खुरपं मागवलं. एका ओढीत भाकरीएवढा पोपडा हातात आला. मागे चुन्याची ओली भुकटी.

"लक्ष्मणराव, रंगाआधी जुना चुना खरवडला होता का?"

"खरवडाले कोठं वेळ होता जी? लगन तोंडावर आलतं."

दर दिवाळीच्या चुन्याचे थर, त्यावर ऑइलपेंट, आणि भिंतीपलीकडचं पाण्याचं टाकं झिरपतंय. भुसभुशीत चुन्यावर रंग धरत नाही, आणि ऑइलपेंटमधून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. निखारे जवळ नेले की आतल्या ओलाव्याची वाफ होते, रंग फुगतो. काटा टोचला की तेच पाणी बाहेर. झालं तीर्थ.

मागे वळलो तर बाबा नव्हता. नारळांचं पोतं मात्र आठवणीने नेलं होतं.

लक्ष्मणराव खाली मान घालून ओसरीवर गेले. "सूनबाई, पेटी आत घेऊन जाजो," म्हणाले. "चुकलंच माहं."

लीनाने डोळे पुसले. "नेतो मामंजी," ती म्हणाली, "पण आधी माहा साबण आणून द्या."

सासरे उकिरड्याकडे निघाले. त्या आठवड्यात टाकं दुरुस्त झालं, भिंत पार खरवडली, महिनाभर सुकू दिली, मगच रंग लागला. अजून टिकून आहे.

तेव्हा बाबांनो, भिंतीला फोड आले तर गळती शोधा. सून शोधू नका.